जिथे काही दिसायलाच नको तिथलं पीक: एक्स-रेला मॅग्नेटिझम कसं दिसतं?

एक्स-रेनं क्रिस्टलमधलं मॅग्नेटिझम बघता येतं असं सांगितलं की फिजिक्स शिकलेला माणूससुद्धा आधी जरा संशयानं बघतो, कारण आपल्या डोक्यात बसलेलं असतं की अणू कुठे आहेत ते एक्स-रे सांगणार आणि त्यांचे स्पिन (म्हणजे इलेक्ट्रॉनांचे चिमुकले चुंबक) कुठे तोंड करून आहेत ते न्यूट्रॉन सांगणार, विषय संपला. चूक नाहीये ते, पण अर्धवट आहे. एक्स-रेला मॅग्नेटिझम दिसतं, फक्त फार म्हणजे फारच अंधुक दिसतं, आणि ते ठळक करायची एक युक्ती आहे. त्याच युक्तीतून पुढे ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनांची अशी एक रचना पकडता आली जी न्यूट्रॉनलाही सरळ दिसत नाही. माझ्या मते या सगळ्यातला मजेशीर भाग मात्र सिग्नल सापडणं हा नाहीच, सापडलेला सिग्नल नक्की कशाचा आहे हे सिद्ध करणं हा आहे. तिथे येऊच.

आधी डिफ्रॅक्शनची झटपट उजळणी. क्रिस्टल म्हणजे अणूंचा एकच नमुना परत परत, सगळ्या दिशांना. त्यातलं अंतर काही अँगस्ट्रॉम असतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आणि एक्स-रेची तरंगलांबीही साधारण त्याच मापाची, त्यामुळे बहुतेक कोनांना लाटा एकमेकींना मारून टाकतात आणि काही ठराविक कोनांना एकदम जोर धरतात. लाउए यांच्या कल्पनेवरून १९१२ मध्ये हे पहिल्यांदा दिसलं, आणि लगेच ब्रॅग बापलेकांनी त्याचा हिशोब बसवला. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं, मुलगा तेव्हा २५ वर्षांचा. ग्राफवर त्या कोनांना जी टोकं दिसतात त्यांना पीक म्हणतात. शेतातलं नव्हे, पण किती आलं याची काळजी दोन्हीकडे सारखीच.

आता डोळ्यासमोर एक लांबच लांब फरशी आणा. सगळ्या लाद्या एका मापाच्या, एका रंगाच्या. नमुना किती अंतरानं परत येतो? एका लादीनं. आता पेन्सिलीनं प्रत्येक लादीवर अगदी फिकट बाण काढा, एकीवर वर, शेजारचीवर खाली, परत वर, परत खाली. लांबून बघणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही, पण काटेकोरपणे बोलायचं तर नमुना आता एका नाही तर दोन लाद्यांनी परत येतो. डिफ्रॅक्शनमध्ये हिशोब उलटा चालतो, अंतर दुप्पट झालं की नवीन पीक आधीच्या पीकच्या निम्म्यावर येतं, म्हणजे बरोब्बर अशा जागी जिथे नुसत्या लाद्यांमुळे काहीच यायला नको होतं. या रिकाम्या जागेतल्या पीकवर पुढचं सगळं उभं आहे, त्यामुळे हे चित्र सोडू नका.

बाण म्हणजे स्पिन, आणि एक वर एक खाली अशी मांडणी म्हणजे अँटीफेरोमॅग्नेट. बाहेरून चुंबक वाटतच नाही कारण सगळं एकमेकांत वजा होतं. अशी मांडणी असते हे लुई नेल यांनी १९३० च्या दशकात मांडलं, आणि १९४९ मध्ये शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन टाकून ती रिकाम्या जागेतली पीक दाखवली. थंड केलं की येतात, गरम केलं की जातात. नेलना १९७० मध्ये नोबेल मिळालं, शलना १९९४ मध्ये. (साध्या लोहचुंबकात सगळे बाण एकाच दिशेला, नमुना बदलत नाही, त्यामुळे मॅग्नेटिझमचा भाग नेहमीच्या भल्यामोठ्या पीकखाली दबून जातो. म्हणून या पद्धतीला उघड चुंबकांपेक्षा हे छुपे चुंबक जास्त सोयीचे.)

मग एक्स-रेला हे का जमू नये? एक्स-रे म्हणजे विद्युत आणि चुंबकीय लाटच ना. लाटेचा विद्युत भाग इलेक्ट्रॉनच्या चार्जला हलवतो, ही झाली नेहमीची विखुरण. पण चुंबकीय भाग स्पिनलाही थोडा धक्का देतो. किती थोडा? फोटॉनची (एक्स-रेच्या एका कणाची) ऊर्जा भागिले इलेक्ट्रॉनची वस्तुमान-ऊर्जा, म्हणजे ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले ५११, जेमतेम दीड टक्का. ही झाली लाटेची उंची, डिटेक्टर मोजतो तिचा वर्ग. शिवाय चार्ज सगळ्याच इलेक्ट्रॉनांना असतो पण मॅग्नेटिझम फक्त जोडी न जमलेल्यांचं, निकेल ऑक्साइडमधल्या निकेल आयनात २६ पैकी फक्त २ इलेक्ट्रॉन तसे आहेत, त्याचाही परत वर्ग करा. सगळं गुणलं की मॅग्नेटिक पीक नेहमीच्या पीकच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास येतं, बऱ्याचदा त्याहूनही खाली.

तरीही १९७२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला द बर्जेव्हँ आणि ब्रुनेल या दोघांनी निकेल ऑक्साइडमध्ये ते पीक मोजलंच, आणि तेही सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल पळवून प्रखर एक्स-रे काढणारं मोठं यंत्र) नव्हे तर प्रयोगशाळेतल्या साध्या एक्स-रे ट्यूबवर. मोजणी दिवसचे दिवस चालायची. आज मिनिटभरात पीक नाही आलं की आम्ही वैतागतो, त्या मानानं त्या दोघांच्या चिकाटीला हात जोडले पाहिजेत.

त्यातून एक बोनसही मिळाला. इलेक्ट्रॉनचं मॅग्नेटिझम दोन वाटांनी येतं, एक स्पिनमुळे आणि दुसरं त्याच्या फिरण्यामुळे, आणि न्यूट्रॉनला सहसा या दोघांची बेरीजच दिसते. एक्स-रे मात्र दोघांना किंचित वेगवेगळ्या पद्धतीनं विखुरतात, त्यामुळे पोलरायझेशन (लाट कोणत्या दिशेत हलते ते) तपासून बेरीज फोडता येते. निकेल ऑक्साइडवर १९९० च्या दशकात हे केलं गेलं, तेव्हा फिरण्याचा वाटा साधारण १७ टक्के निघाला.

पण दहा लाखातला एक सिग्नल घेऊन रोजचं काम होत नाही. सिंक्रोट्रॉन आले आणि बीममध्ये सेकंदाला लाखो कोटी फोटॉन मिळायला लागले तेव्हा जरा जीव आला. १९८५ मध्ये होल्मियम धातूमधली सर्पिल मॅग्नेटिक मांडणी सिंक्रोट्रॉनवर अभ्यासली गेली, आणि खरी उडी १९८८ मध्ये. त्याच होल्मियमवर फोटॉनची ऊर्जा अशी लावली की ती होल्मियमच्या आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेरच्या रिकाम्या जागेत नेऊन बसवायला बरोब्बर पुरेल. सिग्नल एकदम ५० पट वाढला. यालाच रेझोनन्स म्हणतात, आणि सुरुवातीला म्हटलेली युक्ती ती हीच.

असं का होतं ते बघू. अणू म्हणजे एक थिएटर समजा, आतल्या रांगा कायम फुल्ल, बाहेरच्या रांगांत काही खुर्च्या भरलेल्या काही रिकाम्या. योग्य ऊर्जेचा फोटॉन आला की आतल्या रांगेतला इलेक्ट्रॉन उठतो, बाहेरच्या रिकाम्या खुर्चीत टेकतो आणि फेमटोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) आसपास लगेच परत येतो, येताना तेवढ्याच ऊर्जेचा फोटॉन सोडतो. डिटेक्टरला हा फोटॉन दिसतो. पण जाऊन येईपर्यंत त्या इलेक्ट्रॉनला कोणती खुर्ची रिकामी होती हे कळलेलं असतं, आणि ती बातमी परतीच्या फोटॉनच्या ताकदीत आणि पोलरायझेशनमध्ये उतरते. वर-स्पिनच्या खुर्च्या भरल्या असतील आणि खाली-स्पिनच्या रिकाम्या, तर तो एक प्रकारे विखुरणार, शेजारच्या अणूत उलटं असेल तर वेगळा. झाला की नाही बाण ठळक! आणि प्रत्येक मूलद्रव्याची ऊर्जा वेगळी, मँगनीजची वेगळी, निकेलची वेगळी, इरिडियमची तिसरीच, त्यामुळे चार मूलद्रव्यांच्या खिचडीतून नेमक्या एकाचंच मॅग्नेटिझम निवडून विचारता येतं. न्यूट्रॉनला ही सोय नाही.

आता ऑर्बिटल ऑर्डर. शब्द जड आहे पण गोष्ट सोपी आहे. अणूतल्या सगळ्याच इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, मँगनीजसारख्या धातूंच्या बाहेरच्या डी-इलेक्ट्रॉनांचा ढग तर पाकळ्यांसारखा, काही ठराविक दिशांना पसरलेला असतो. लॅन्थॅनम मँगनाइट हे ऑक्साइड घ्या, त्यात प्रत्येक मँगनीजभोवती ६ ऑक्सिजन आणि त्याच्याकडे ४ डी-इलेक्ट्रॉन. तीन मुकाट्यानं खालच्या पातळ्यांत बसतात, चौथ्याला वर जावं लागतं आणि तिथे सारख्याच ऊर्जेचे दोन आकार समोर असतात. निसर्गाला अशी बरोबरी चालत नाही, ऑक्सिजनचा पिंजराच थोडा वाकतो, काही बाजूंचे बंध लांब होतात (साधारण २.२ अँगस्ट्रॉम) आणि बाकीचे आखूड (१.९ च्या आसपास), आणि इलेक्ट्रॉनचा ढग लांब बाजूला आडवा होतो. याला यान-टेलर परिणाम म्हणतात. आता एका मँगनीजचा ढग पूर्व-पश्चिम पसरला तर दोघांमधला ऑक्सिजन तिकडे सरकतो आणि शेजाऱ्याला उत्तर-दक्षिण पसरणं सोयीचं होतं, त्याच्या शेजाऱ्याला परत पूर्व-पश्चिम. अख्ख्या क्रिस्टलभर ही आडवी-उभी आडवी-उभी वीण तयार होते, ती म्हणजे ऑर्बिटल ऑर्डर. लाद्यांवर बाणाऐवजी रेघ काढा, एकीवर आडवी, एकीवर उभी, हिशोब तोच.

ही नुसती नक्षी नाहीये. दोन शेजारी स्पिन एका दिशेला राहणार की उलट, हे त्यांच्यामधल्या ऑक्सिजनकडे कोणती पाकळी तोंड करून आहे यावर ठरतं, गुडइनफ यांनी १९५५ मध्ये मँगनाइटबद्दल हे मांडून ठेवलं होतं (हो, तेच पुढे लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळालेले गुडइनफ). लॅन्थॅनम मँगनाइटमध्ये ऑर्बिटलची वीण साधारण ७५० केल्व्हिनला बसते आणि स्पिन मात्र १४० केल्व्हिनच्या खाली गेल्यावर रांगेत येतात, म्हणजे आधी पाकळ्या ठरतात मग बाण.

अडचण अशी की मँगनीज आयनाच्या २२ इलेक्ट्रॉनांतला फक्त एक आडवा की उभा हे नेहमीच्या एक्स-रेला जवळपास कळत नाही. ऑक्सिजन सरकलेले दिसतात, त्यावरून अंदाज बांधता येतो, पण तो ढग स्वतः नाही. १९९८ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या फोटॉन फॅक्टरीत मुराकामी आणि सहकाऱ्यांनी रेझोनन्सची तीच युक्ती इथे लावली. मँगनीजची सगळ्यात आतली रांग, ऊर्जा साधारण ६.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि नेमकी रिकामी जागा जिथे ऑर्बिटलच्या विणीमुळेच काही आलं तर येईल. पीक आलं. क्रिस्टल स्वतःभोवती फिरवत गेलं तर त्याची ताकद एका पूर्ण फेरीत दोनदा वाढली दोनदा पडली, आडव्या-उभ्या रेघांकडून असंच वागणं अपेक्षित होतं. लोक खूश, ऑर्बिटल ऑर्डर सरळ डोळ्यांनी दिसली म्हणून.

आणि लगेच भांडण. सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उठून बसतो कुठे? डी-खुर्चीत नाही, तर त्याच्याही बाहेरच्या पी-खुर्चीत, जी इतकी ऐसपैस आहे की तिचा ढग थेट शेजारच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतो. म्हणजे जे दिसलं ते डी-इलेक्ट्रॉनची पाकळी होती की वाकलेला ऑक्सिजनचा पिंजरा? बऱ्याच गणितांतून उत्तर आलं की मुख्यतः पिंजरा. प्रयोग चुकीचा नव्हता, वीण खरी होती, पण "सरळ" या शब्दावर प्रश्नचिन्ह लागलं. मला विचाराल तर या भांडणानं या क्षेत्राचं भलंच केलं, कारण मग सगळ्यांना नीट विचार करावा लागला की आपण नक्की कोणत्या खुर्चीला विचारतोय.

उपाय उघड होता, दुसऱ्या रांगेतल्या इलेक्ट्रॉनला उठवायचं, तो थेट डी-खुर्चीतच बसतो. कॅसलटन आणि अल्तारेली यांनी २००० मध्ये तसं सुचवलंही. पण त्याची ऊर्जा मँगनीजसाठी फक्त ६४० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी १९ अँगस्ट्रॉम, आणि ब्रॅगचा नियम सांगतो की नमुन्याचं अंतर तरंगलांबीच्या निम्म्यापेक्षा मोठं नसेल तर पीक मिळणारच नाही. लॅन्थॅनम मँगनाइटची वीण त्याहून बारीक, तो बाद. शिवाय असे मऊ एक्स-रे हवेतच शोषले जातात म्हणून अख्खा सेटअप व्हॅक्यूममध्ये. नशिबानं त्याचाच एक थरांचा भाऊबंद आहे, लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीजचं ऑक्साइड, त्यात निम्मे मँगनीज वेगळ्या चार्जचे असल्यामुळे ऑर्बिटलची वीण जास्त लांब पसरते, पाव-पाव-शून्य या (म्हणजे नेहमीच्या पीकच्या निम्म्यावर नव्हे तर पावावरच्या) जागेवर पीक येतं आणि अंतर भरतं जवळपास ११ अँगस्ट्रॉम. बसलं! २००३-०४ च्या सुमारास ते पीक मोजलं गेलं आणि ऊर्जा बदलत त्याचा आकार बघून पाकळीचा वाटा आणि पिंजऱ्याचा वाटा वेगळा काढायचा प्रयत्न सुरू झाला.

आता माझा आवडता भाग, खोटी पीक. मी पहिल्यांदा बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनवरचं प्रयोगाचं ठिकाण) गेलो तेव्हा रात्री तीन वाजता बरोब्बर अर्ध्या जागेवर मस्त धारदार पीक दिसलं, मी उड्या मारायच्याच बाकी होतो. शेजारी बसलेल्या ताई स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "अरे, मिरर आत आहेत का बघ आधी." नव्हते. झालं असं की मोनोक्रोमेटर (बीममधून एक तरंगलांबी निवडणारं उपकरण) आपल्याला हव्या त्या तरंगलांबीसोबत तिच्या निम्म्या, एक-तृतीयांश तरंगलांबीचेही थोडे फोटॉन गुपचूप पाठवतो, आणि निम्म्या तरंगलांबीला नेहमीचं साधं पीक नेमकं त्याच कोनाला दिसतं जिथे आपण अर्ध्या जागेचं मॅग्नेटिक पीक शोधतोय. दहा लाखातला एक सिग्नल शोधताना असे चिमूटभर फोटॉनसुद्धा घात करतात. मिरर इतक्या तिरक्या कोनात लावतात की जास्त ऊर्जेचे फोटॉन परावर्तित होतच नाहीत, म्हणून ते आत हवेत. दुसरी फसवणूक म्हणजे एकाच क्रिस्टलमध्ये दोनदा उसळी घेऊन आलेले फोटॉन, तेही रिकाम्या जागेत येऊन बसतात, पण क्रिस्टल थोडं फिरवलं की ते गायब होतात, खरं पीक राहतं.

त्यामुळे पीक दिसलं की चौकशी सुरू. तापमान वाढवून ठराविक ठिकाणी जातं का? ऊर्जा जराशी हलवली की कोसळतं का? कोसळलं तर रेझोनन्सचं. मग पोलरायझेशन: साध्या चार्जवरून उसळलेल्या फोटॉनचं पोलरायझेशन आडवं असेल तर आडवंच राहतं, मॅग्नेटिझमच्या नेहमीच्या रेझोनन्समध्ये मात्र ते काटकोनात वळतं. डिटेक्टरच्या आधी अजून एक क्रिस्टल लावून, ज्याची उसळी जवळपास ९० अंशांची असते, फक्त वळलेले फोटॉन गाळून घेता येतात. ऑर्बिटलवाले दोन्ही प्रकार दाखवू शकतात, आणि क्रिस्टल फिरवताना त्यांची चढउतार मॅग्नेटिझमपेक्षा वेगळी असते.

हे सगळं का लागतं त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे नियोडिमियम निकेलेट. सुमारे २०० केल्व्हिनला ते धातूचं इन्सुलेटर होतं आणि त्याच तापमानाला मॅग्नेटिक ऑर्डरही येते, म्हणजे नुसतं तापमान बघून काहीच वेगळं काढता येत नाही, सगळे एकाच दारातून एकदम आत. न्यूट्रॉनच्या आकड्यांचा अर्थ लावायला लोकांनी यात ऑर्बिटल ऑर्डर असणार असं धरलं होतं. मग निकेलच्या ऊर्जेला मऊ एक्स-रे लावून पोलरायझेशन आणि फिरवण्याची परीक्षा घेतली तर २००६ च्या सुमारास निष्कर्ष निघाला की पीक शुद्ध मॅग्नेटिक आहे, स्पिन सरळ वर-खाली नसून वळत वळत जातात, आणि ऑर्बिटलची वीण मानायची गरजच नाही.

स्ट्रॉन्शियम इरिडेटचं उदाहरण तर अजून भारी. इरिडियम न्यूट्रॉन गिळून टाकतो आणि यातलं मॅग्नेटिझमही कमजोर, म्हणून न्यूट्रॉनवाल्यांना त्रासच. २००९ मध्ये रेझोनन्सनं बघितलं तर ११.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला मॅग्नेटिक पीक दणदणीत आणि १२.८ ला जवळपास शून्य. दोन्ही ऊर्जा दुसऱ्या रांगेतल्याच, फक्त आतल्या इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि फिरणं एकमेकांशी कसं जोडलंय यात फरक. एका दारानं आवाज येतो, दुसऱ्यानं नाही, याचा अर्थ बाहेरची रिकामी खुर्ची स्वतःच स्पिन आणि ऑर्बिटल यांचं ठराविक मिश्रण आहे. इथे पीक नसणं हाच पुरावा ठरला.

न्यूट्रॉनचे दिवस भरले असं मात्र कोणी समजू नका. रेझोनन्समध्ये सिग्नल इतक्या गोष्टींवर अवलंबून असतो की प्रत्येक अणूवर मॅग्नेटिझम नेमकं किती हे सांगणं अवघड जातं, न्यूट्रॉन ते सांगतो. मऊ एक्स-रे पृष्ठभागाच्या फार आत जात नाहीत, आणि तीव्र बीम थंड सँपलला स्वतःच गरम करतो, थर्मामीटर वेगळंच तापमान दाखवत राहतो. पण काही दहा नॅनोमीटर जाडीची ऑक्साइड फिल्म असेल किंवा धुळीच्या कणाएवढा क्रिस्टल, तिथे न्यूट्रॉनला मोजायला पुरेसं सापडतच नाही आणि एक्स-रेला तेवढं भरपूर होतं. आता तर एक्स-रे लेझर आलेत, ते साध्या लेझरनं क्रिस्टलला एक धक्का देतात आणि पुढच्या काही शे फेमटोसेकंदांत तेच रिकाम्या जागेतलं पीक कसं विरत जातं ते मोजतात, मँगनाइटमधली ऑर्बिटलची वीण अशी उसवताना मोजून झाली आहे.